शिळ्या उसाचा घातांक

तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटतं आणि उतारा पडतो, हे देवळाली प्रवरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. भंडारदऱ्याचं पाणी कालव्यानं आलं तेव्हापासून हा सगळा भाग उसावर जगतो. शेजारी राहुरी फॅक्टरी, वर लोणीला १९५०-५१ च्या हंगामात पहिलं गाळप केलेला प्रवरेचा सहकारी कारखाना, पलीकडे श्रीरामपूर-बेलापूरचा पट्टा. पण वजन आणि उतारा यांखेरीज शिळ्या उसात आणखी एक भानगड होते आणि तिचा ताप शेतकऱ्यापेक्षा कारखान्याच्या लॅबला जास्त होतो. कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक नावाचा जीवाणू आत शिरतो. त्याचं एन्झाइम साखरेचा रेणू फोडतं, त्यातलं फ्रुक्टोज सोडून देतं आणि ग्लुकोजला ग्लुकोज जोडत सुटतं. हजारो ग्लुकोजची ही साखळी म्हणजे डेक्स्ट्रान. ऊस जळीत असेल तर हे आणखी झपाट्यानं होतं. रस बुळबुळीत होतो, गाळताना अडतो, पॅनमध्ये साखरेचा दाणा नीट चौकोनी न बसता लांबट होतो. वर पोलॅरिमीटरही फसतो, कारण डेक्स्ट्रान प्रकाशाचं प्रतल साखरेच्या जवळजवळ तिप्पट वळवतं. साखर असते कमी, दिसते जास्त.

देवळाली प्रवरातल्या एका घरात या डेक्स्ट्रानवरून मामा-भाचीचा वाद रंगला. मामांची नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये झाली. आता निवृत्त आहेत, थोडा ऊस आहे, आणि कुणी शिळा ऊस गव्हाणीत टाकल्याचं कानावर आलं की अजूनही चिडतात. भाची पुण्यात संभाव्यताशास्त्रात पीएच.डी. करते. तिचा विषय पॉलिमरची गणिती प्रारूपं. मामांनी तिची वही चाळली आणि पहिला वार केला.

"पॉलिमरवर संशोधन करतेस म्हणे, आणि अख्ख्या वहीत एक रासायनिक सूत्र नाही?"

"लागत नाही, मामा."

"लागत नाही? डेक्स्ट्रान आणि ठिबकची नळी, दोन्ही तुला सारखंच?"

"एका मर्यादेपर्यंत सारखंच."

"मग उद्या नळी कुटून चहात टाकते का साखर म्हणून?"

तिनं हसून वही पुढं ओढली. तिचं म्हणणं असं: साखळीत हजारो जोड आहेत आणि प्रत्येक जोडाला थोडं इकडंतिकडं वळायची मुभा आहे. तो जोड ग्लुकोजचा की पॉलिथिनचा, हे विसरून जायचं. एवढंच विचारायचं की साखळीचं एक टोक इथं असेल तर दुसरं किती लांब सापडेल? प्रत्येक जोडानं आधीच्यांना न विचारता आपली दिशा निवडली, तर उत्तर संख्येच्या वर्गमुळाइतकं येतं. १०,००० जोडांच्या साखळीची दोन टोकं सरासरी १०० जोडांच्या अंतरावर. म्हणजे साखळी सरळ पसरत नाही, तिचा गुंता होतो, आणि तो गुंता केवढा हे वर्गमूळ सांगतं. वेर्नर कून यानं १९३४ मध्ये हा हिशेब मांडला.

मामांना हे पटलं नाही, आणि त्यांची हरकत चोख होती. "तुझी साखळी स्वतःच्याच अंगातून आरपार जाते. दोन ग्लुकोज एका जागी बसतात का कधी?"

नाही बसत. आणि या एका अटीपाशी सोपं गणित संपतं.

तिनं मामांना बांधावर नेलं, म्हणजे कागदावर. शेतांच्या बांधांचं चौकोनी जाळं काढलं. एका कोपऱ्यावरून निघायचं, दर पावलाला पुढच्या कोपऱ्यावर जायचं, आणि एकदा पाय ठेवलेल्या कोपऱ्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. एका पावलाच्या वाटा ४. दोन पावलांच्या १२, कारण आल्या पावली परत फिरता येत नाही. तीन पावलांच्या ३६.

"चारच्या १०८," मामा म्हणाले.

"शंभर. आठ वाटा एका शेताला वळसा घालून निघाल्या त्याच कोपऱ्यावर येतात, त्या बाद."

मामांनी पेन्सिलीनं त्या आठ वाटा काढून बघितल्या. चार दिशा, प्रत्येकीत एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून वळसा. बरोबर. पुढं २८४, ७८०, २१७२. प्रत्येक पावलाला संख्या कितीनं गुणली जाते ते पाहिलं तर तो गुणक हळूहळू २.६३८ च्या आसपास स्थिरावतो. तो नेमका किती, याचं सूत्र चौकोनी जाळ्यासाठी आजतागायत कुणाला सापडलेलं नाही. षटकोनी जाळ्यासाठी मात्र सापडलं आहे. बर्नार्ड निनहाउस या डच भौतिकशास्त्रज्ञानं १९८२ मध्ये भौतिकीच्या युक्तिवादानं उत्तर काढलं: दोन अधिक वर्गमूळ दोन, या सगळ्याचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.८४८. ते सिद्ध व्हायला २०१० उजाडावं लागलं. सिद्धता ह्यूगो दुमिनिल-कोपां आणि स्तानिस्लाव स्मिर्नोव्ह यांची. गणितातलं मानाचं फील्ड्स पदक स्मिर्नोव्हला त्याच वर्षी मिळालं, दुमिनिल-कोपांला २०२२ मध्ये.

"ते पदक त्यांना लखलाभ," मामा म्हणाले. "१.८४८ चा माझ्या रसाला उपयोग काय?"

"काहीच नाही."

या उत्तराची मामांना अपेक्षा नव्हती. ती सांगत राहिली. तो गुणक जाळं बदललं की बदलतो, म्हणून त्याला खऱ्या साखळीशी देणंघेणं नाही. बदलत नाही तो घातांक. वाट पावलांच्या संख्येच्या कितव्या घातानं पसरते, हे जाळं चौकोनी असो, षटकोनी असो, वा जाळंच नसो, सारखंच राहतं. सपाट पृष्ठावर तो घातांक पाऊण मानला जातो, आपल्या तीन मितींच्या जगात ०.५८८ च्या जवळ. १०,००० जोडांची साखळी आता १०० ऐवजी सुमारे २२५ जोडांवर पसरते, ती केवळ स्वतःला टाळावं लागतं म्हणून. संगणकात चालवलेल्या वाटांवर आणि चांगल्या द्रावकात विरघळलेल्या पॉलिस्टायरीनवर हाच घातांक मिळतो. पॉलिस्टायरीनला बांध ठाऊक नाहीत आणि वाटेला बेंझिनचं कडं ठाऊक नाही.

मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे साखळी दुप्पट लांब झाली तर गुंता कितीपट होईल, ते तू सांगणार. मुळात गुंता केवढा, ते मीच मोजायचं."

"हो."

"बाई, कारखान्याला मुळातला आकडा लागतो."

या फेरीत मामांचं पारडं जड होतं, हे कबूल करायला हवं. सांख्यिकीय भौतिकी घातांक देते. घातांकाआधीचा गुणक रसायनाच्या हाती असतो: जोडाची लांबी, कडकपणा, पाण्याशी सलोखा. लोकप्रिय लेखांत घातांकाचं कौतुक होतं आणि गुणकाचा उल्लेख राहून जातो.

मामांनी मग आपला हुकमाचा पत्ता काढला: पॉल फ्लोरी. रसायनशास्त्रज्ञ, १९३४ मध्ये ड्यूपाँट कंपनीत नायलॉनवाल्या कॅरोदर्सच्या हाताखाली लागलेला, १९७४ चा नोबेल मानकरी. "तुमच्या घातांकाचा शोध कुणी लावला? कारखान्यातून पुढं आलेल्या केमिस्टनं. चार ओळींत."

त्या चार ओळी खरोखर चारच आहेत. फ्लोरीनं १९४९ मध्ये दोन ओढी समोरासमोर ठेवल्या. साखळी फार पसरली तर तिच्या संभाव्य आकारांची संख्या घटते, म्हणून ती आत ओढली जाते. फार आवळली तर जोड एकमेकांना ढकलतात, म्हणून ती बाहेर फुगते. दोन्हींची बेरीज कुठं सर्वांत कमी होते ते पाहिलं की तीन मितींत घातांक तीनपंचमांश येतो, म्हणजे ०.६. मितींची संख्या बदलून पाहा: एका मितीत १, दोन मितींत पाऊण, चार मितींत अर्धा. ही तिन्ही उत्तरं नेमकी मानली जातात. (चूक काय ती आपण राहतो तेवढ्याच मितींत, आणि तीही फक्त दोन टक्क्यांची.)

"आणि दोन्ही ओढी चुकीच्या मोजल्यात," भाची म्हणाली. "दोन्ही खऱ्यापेक्षा जास्त धरल्यात. चुका एकमेकींना खाऊन टाकतात म्हणून उत्तर जमतं. भौतिकशास्त्रज्ञ दे जेननं हे दाखवून दिलंय."

"उत्तर जमलं ना? मग?"

"का जमलं ते कळल्याशिवाय पुढच्या प्रश्नाला जमेलच, हे कशावरून?"

"बरं, तुमच्याकडं काय सिद्ध झालंय ते सांग."

तिनं सांगितलं, आणि ते सांगताना तिचा आवाज जरा उतरला. पाच किंवा जास्त मितींत सगळं सिद्ध आहे. ताकाशी हारा आणि गॉर्डन स्लेड यांनी १९९२ मध्ये ते केलं: तिथं जागा इतकी ऐसपैस असते की वाट स्वतःला क्वचितच भेटते आणि साधं वर्गमूळच परत येतं. तीन मितींत मात्र काहीच हाती नाही. स्वतःला टाळणारी वाट निदान साध्या भटक्या वाटेइतकी तरी पसरते, हे उघड दिसणारं विधानसुद्धा अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

मामा खदखदून हसले. "पाच मितींत ऊस लावायचा म्हणा की मग!"

तिनं उठून स्वयंपाकघरातून मेथीच्या जुडीचं रबर आणलं आणि मामांच्या हातात दिलं. "झटकन ताणा आणि ओठाला लावा."

मामांनी लावलं. रबर कोमट लागलं. ताणलेलंच धरून ठेवलं, थंड होऊ दिलं, मग सैल सोडून पुन्हा ओठाला लावलं. आता ते गार होतं. इंग्लंडमधल्या जॉन गॉफ नावाच्या अंध माणसानं १८०५ मध्ये याच रीतीनं, ओठांनीच, ही गोष्ट नोंदवली होती. त्याचंच दुसरं निरीक्षण त्याहून चक्रावणारं: वजन टांगून ताणलेल्या रबराला ऊब दिली की ते आखडतं आणि वजन वर उचललं जातं. लोखंडाची तार तापली की लांबते, रबर उलटं करतं. जूलनं १८५९ मध्ये हे काटेकोर मोजलं. कारण कळायला आणखी पाऊणशे वर्षं गेली.

"तारेत अणूंमधलं अंतर वाढतं, म्हणून ती मागं ओढते," भाची म्हणाली. "रबरात तसं काही ताणलं जात नाही. ताणलेल्या साखळीला राहायच्या तऱ्हा थोड्या, सैल साखळीला अगणित. उष्णतेनं साखळ्या वळवळतात आणि अगणित तऱ्हांकडं परततात. तो ओढा निव्वळ मोजणीतून येतो. तापमान वाढवलं की ओढा वाढतो. यात रसायन कुठं आलं, सांगा."

"गंधकात आलं. गंधक घालून भाजल्याशिवाय रबर चिकट गोळा असतं. गुडइयरनं आयुष्य त्यात घातलं."

"गंधकाची गाठ हवीच. पण ती गंधकाचीच हवी, असं नाही. घनसेंटिमीटरमध्ये किती साखळ्या गाठींनी बांधल्यात, एवढा एक आकडा द्या आणि तापमान द्या. रबर किती ताठ, ते सांगते."

मामा सहज हार मानणारे नव्हते. नैसर्गिक रबर फार ताणलं की त्यात स्फटिक बनतात, तिथं तुझा हिशेब कोलमडतो, असं ते म्हणाले, आणि तेही खरं आहे. पण रबर त्यांनी पुन्हा दोनदा ओठाला लावून पाहिलं.

चहा झाल्यावर मामांनी मूळ मुद्दा काढला. "तू इतका वेळ सरळ साखळीबद्दल बोलतेस. डेक्स्ट्रानला फांद्या असतात. ज्या जातीचं डेक्स्ट्रान दवाखान्यात वापरतात, त्यात शंभरातले पंच्याण्णव जोड सरळ आणि पाच आडवे. मोठ्या साखळीला फांद्याही जास्त. तुझी बांधावरची वाट इथं कामाची नाही."

दवाखान्यातलं डेक्स्ट्रान ही जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट आहे. स्वीडनमध्ये उप्साला इथं ग्रोनवॉल आणि इंगेलमान हे दोघे १९४० च्या दशकात बीटच्या बिघडलेल्या रसातल्या डेक्स्ट्रानवर काम करत होते. कारखान्याची ही डोकेदुखी रक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या शिरेत द्यायच्या द्रवासाठी चालेल, हे त्यांच्या ध्यानात आलं. बाटलीवरचा ४० किंवा ७० हा आकडा रेणूचं सरासरी वजन हजारांत सांगतो. एक जोड १६२ चा, म्हणजे डेक्स्ट्रान-७० मध्ये सुमारे ४३० जोड. शिळ्या उसातलं डेक्स्ट्रान दशलक्षांच्या घरात जातं.

फांद्यांच्या आघाडीवर भाचीला मदत मिळाली ती मुंबई-पुण्यातून. दीपक धर हे आयआयटी कानपूर आणि कॅलटेक करून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, तिथं त्यांची कारकीर्द गेली, आणि निवृत्तीनंतर पुण्याच्या आयसर संस्थेत. २०२२ चं बोल्ट्झमान पदक त्यांना जॉन हॉपफील्ड यांच्यासह मिळालं. सांख्यिकीय भौतिकीतला हा सर्वोच्च सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मामांच्या लेखी पुणे आणि पॉलिमर म्हणजे १९५० ची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, माशेलकरांची. गंमत अशी की आयसर आणि ती प्रयोगशाळा पाषाणच्या एकाच रस्त्यावर शेजारीशेजारी आहेत.

"आधी सरळ साखळीचंच बघा," ती म्हणाली. "धरांचा १९७८ चा निबंध. जे चौकोनी जाळ्यावर कुणाला जमत नाही, ते त्यांनी एका वेगळ्या जाळ्यावर अचूक करून दाखवलं. तुम्हीच करा, कॅल्क्युलेटर आणा."

तीन छोटे त्रिकोण कोपऱ्यांनी जोडून एक मोठा त्रिकोण. असे तीन मोठे जोडून आणखी मोठा, असं वर वर जायचं. वाट एका कोपऱ्यातून आत येते, दुसऱ्यातून बाहेर पडते. मधे ती एक तर दोन छोट्या त्रिकोणांतून थेट जाते, नाही तर तिसऱ्याला वळसा घालून तिन्हींतून. छोटा त्रिकोण ओलांडण्याचा भाव 'ब' धरला, तर मोठ्याचा भाव ब² + ब³. फार लांब वाटेसाठी छोट्याचा आणि मोठ्याचा भाव सारखाच असायला हवा: ब = ब² + ब³. दोन्हीकडून एक ब काढला की १ = ब + ब².

मामांनी सोडवलं. ०.६१८.

"आता ब म्हणजे थेट जाण्याची शक्यता, ब² म्हणजे वळसा घालण्याची. शंभरात सुमारे ६२ थेट, ३८ वळशानं. सरासरी किती त्रिकोण?"

दोन गुणिले ०.६१८ अधिक तीन गुणिले ०.३८२. कॅल्क्युलेटरवर २.३८२ आलं. त्रिकोणाची बाजू दुप्पट झाली की वाट २.३८२ पट लांबते. म्हणजे लांबीचा कितवा घात पसारा देतो? दोनचा लॉग भागिले २.३८२ चा लॉग: ०.७९८६. मामांनी आकडा दोनदा तपासला. सगळं पाटीवरच्या गणितानं जमलं होतं, आणि त्यात कुठं अंदाज नव्हता.

"झकास. पण असा त्रिकोण माझ्या रसात नाही," ते म्हणाले.

नाही. आणि या बाबतीत मामांशी सहमत व्हावं लागतं: अचूक सुटणारं प्रारूप हे बहुधा सुटतं म्हणूनच निवडलेलं असतं. धरांचं पुढचं काम फांद्यांकडं वळतं. एकाच अंगाला वाढत जाणाऱ्या फांदीदार आकृत्यांची मोजणी त्यांनी १९८२ मध्ये एका वायूच्या प्रारूपाशी जोडली. एका कणाच्या अशा आकृत्या १, दोनच्या २, मग ५, १३, ३५, आणि वाढीचा गुणक अखेर नेमका ३ वर टेकतो. चौकोनी जाळ्यावरच्या स्वतःला टाळणाऱ्या वाटेला जे मिळालं नाही, ते फांदीदार आकृतीला मिळालं.

तीन मितींतल्या फांदीदार पॉलिमरचं तर त्याहून नवल. जॉर्जो पारिसी आणि निकोलास सुरला यांनी १९८१ मध्ये असा दावा केला की त्यांचं गणित दोन मिती उतरून एका सोप्या प्रश्नात मिसळतं. डेव्हिड ब्रिजेस आणि जॉन इम्ब्री यांनी २००३ मध्ये एका प्रारूपासाठी हे सिद्ध केलं, आणि त्या पायावर रिचर्ड केन्यन आणि पीटर विंकलर यांनी दाखवलं की तीन मितींतल्या अशा फांदीदार पॉलिमरचा पसारा कणसंख्येच्या वर्गमुळानं वाढतो. घातांक अर्धा, पुराव्यासकट. सरळ साखळीला तीन मितींत पुरावा नाही, झुडपाला आहे.

"आणि तुमच्या लॅबमध्ये तो दिसतो," भाची सरसावली. "साखळीनं अडवलेली जागा भागिले तिचं वजन, यावर द्रवाचा दाटपणा ठरतो. म्हणून दाटपणाचा घातांक म्हणजे पसाऱ्याच्या घातांकाची तिप्पट वजा एक. सरळ, स्वतःला टाळणाऱ्या साखळीला ०.७६. घातांक अर्धा असेल तर अर्धा. आणि पाण्यातल्या डेक्स्ट्रानवरची मोजमापं अर्ध्याच्या आसपास येतात."

मामांनी मान डोलावली नाही. "अर्धा तर तुझ्या पहिल्या साखळीचाही होता की. वर्गमूळ. स्वतःतून आरपार जाणारी."

तिचं बोलणं थांबलं. हरकत अगदी वर्मी लागली होती. ज्या द्रावकात साखळीला स्वतःचा सहवास द्रावकाइतकाच चालतो, तिथं सरळ साखळीही वर्गमुळानं पसरते. अर्धा हा एकच आकडा दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतो. शिवाय शंभरात पाच छोट्या फांद्या म्हणजे ब्रिजेस-इम्ब्रींचं झुडूप नव्हे. एवढ्या विरळ फांद्यांना ते प्रमेय लावणं धाडसाचंच होतं.

"एक गोष्ट मात्र आहे," ती थोड्या वेळानं म्हणाली. "साखळ्या खूप लांब घेतल्या की डेक्स्ट्रानचा आकडा अर्ध्याच्याही खाली सरकतो. सरळ साखळीचा असता तर एका जागी थांबला असता. लांबीबरोबर फांद्या वाढतात, तुम्हीच सांगितलंत, म्हणून घसरतो."

"हे पटण्यासारखं आहे," मामा म्हणाले.

मग विषय डेक्स्ट्रानेजवर गेला. शिळ्या उसाचा लोंढा आला की काही कारखाने रसात हे बुरशीपासून काढलेलं एन्झाइम घालतात. ते डेक्स्ट्रानची साखळी मधेच कुठंतरी तोडतं. एन्झाइम महाग, त्यामुळं डोस किती हा लॅबपुढचा जुना प्रश्न. मामांचा अनुभव असा की डोस पडल्यावर रस झपकन सैल होतो, पण तुटलेल्या टोकांची चाचणी केली तर काहीच घडल्यासारखं दिसत नाही.

भाचीनं वहीचं नवं पान उघडलं. दहा लाख वजनाचा रेणू, म्हणजे सहा हजारांच्या वर जोड. त्याचे दहा तुकडे करायला नऊ घाव पुरतात. हजार जोडांमागे दीड. चाचणीला दीड जोड कुठून दिसणार? पण साखळी सरासरी दहापट आखूड झाली. दाटपणाचा घातांक अर्धा असेल तर डेक्स्ट्रानमुळं आलेला दाटपणा सुमारे तीनपट उतरेल. ०.७६ असेल तर जवळजवळ सहापट.

"तीन की सहा, यात डोसाचा बराच फरक पडतो," मामा म्हणाले. आता ते पुढं सरकून बसले होते.

"आणि घाव सगळ्यांना सारखे पडत नाहीत. सरासरी नऊ घाव असतील तर अखंड राहिलेली साखळी आठ हजारांत एखादी. पण डोस कमी पडला आणि सरासरी एकच घाव बसला, तर शंभरातल्या सदतीस साखळ्या जशाच्या तशा राहतात."

"सदतीस?"

"सदतीस. घाव आंधळेपणानं पडतात ना."

मामांनी तो आकडा आपल्या जुन्या डायरीत लिहून घेतला. डोस निम्मा करून भागेल असा हट्ट कारखान्यात दर हंगामात कुणीतरी धरायचंच, असं ते पुटपुटले. मग रसाला एन्झाइमबरोबर मिळणारा वेळ, तापमान आणि आम्लता यांवर त्यांनी तिला पंधरा मिनिटं ऐकवलं, आणि ती ते सगळं उतरवून घेत राहिली. ओळखीच्या लॅबमधून येत्या हंगामात शिळ्या उसाचा रस मिळवायचा, त्याला दोन वेगवेगळे डोस द्यायचे आणि ओस्टवाल्डच्या काचेच्या नळीतून तो किती सेकंदांत उतरतो ते मोजायचं, असं ठरलं.

"दर वेळी ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेचं प्रमाण, सारखं करून घे," मामांनी बजावलं, "नाहीतर डेक्स्ट्रान राहील बाजूला, साखरेचाच दाटपणा मोजत बसशील."